भिंतीवरची तोडणी

चैत्र वद्य दशमी, बुधवार. दाराशेजारच्या दोन भिंती रंगवण्याचे ठरले एकवीस रुपये. पैकी इसार पाच रुपये रोख दिले. रंग पेंटरचा, चहा-जेवण आमचं. काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत पुरं करायचं, कारण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचं, कमलताईचं लग्न. हजर: माझे वडील, देवराव मामा, वाशीमचे गुलाब पेंटर, आणि उंबऱ्यावर मी, वय वर्षं सतरा, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झालेली.

मला असंच लिहिता येतं. तीस वर्षं कचेरीत हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे किती, कुणाला आणि कुणासमोर हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, तू आठवणी लिहितेस की पंचनामा?" पण चित्र काढतानाही माझं हेच चालतं. वेलीला किती पेरं आणि किती पानं हे मनात मोजून झाल्याशिवाय मी कुंचला उचलत नाही. आजवर माझी दोनशे सहा चित्रं झाली. त्यातल्या एकशे नव्वदांत तरी आमचा पानमळा कुठे ना कुठे आहे. तो मळा प्रत्यक्षात मी पंधरा वर्षांची असतानाच संपला. म्हणजे जे समोर होतं ते मी कधी काढलंच नाही. जे गेलं तेच काढत आले. याची सुरुवात त्या भिंतीपासून झाली, म्हणून त्या भिंतीचं आधी लिहिते.

आम्ही बारी. पिढ्यान्‌पिढ्या पानमळ्याचा धंदा. गाव अनसिंगपासून दोन कोसांवर. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. मळा घरापासून शंभर-सव्वाशे पावलांवर, विहिरीला लागून. भोवती तुराट्यांचा आणि गवताचा उंच कूड, आत शेवरीच्या ओळी, आणि प्रत्येक शेवरीला लव्हाळ्याने बांधलेला वेल. बाहेर वैशाखाचं ऊन डोकं भाजत असलं, तरी कुडाचं फाटक ढकललं की आतला गारवा पिंढऱ्यांना आधी कळायचा. मग वास यायचा, ओल्या मातीचा आणि थोडा तिखट. उजेड आत येताना हिरवा होऊन यायचा. वडिलांचा पांढरा सदरा आत हिरवा दिसायचा आणि बाहेर आले की परत पांढरा. लहानपणी मला वाटे, ते आत जाताना सदरा बदलतात. बावीस ओळी, एका ओळीत चाळीस वेल. पाटाचं पाणी सुटलं की सगळ्या मळ्यात बारीक चुळचुळ आवाज चालू राहायचा, आणि त्याच्यावर वडिलांच्या अंगठ्यातल्या नखाचा आवाज. पान हाताने ओढत नाहीत. अंगठ्यात पत्र्याचं धारदार नख घालून देठाशी खुडतात. टच्, टच्, टच्. तो आवाज बंद झाला की वडील पुढच्या वेलीकडे गेले असं समजायचं.

मळ्याचे नियम कडक होते. चपला फाटकाबाहेर. आत थुंकायचं नाही, ओरडायचं नाही. बायांनी महिन्याच्या चार दिवसांत फाटकाकडे पाहायचंही नाही. घरात सुतक असलं तर भावकीतल्या कुणीच आत पाय ठेवायचा नाही, आणि आमच्या घरात तर अशा वेळी बाहेरचा माणूसही लावत नसत. पाणी शेजारी कुडाबाहेरूनच सोडायचे. तोडणी पुरुषांची. बायकांनी घरी बसून पानं मोजायची. माझं काम तेच होतं. शाळेतून आले की ओल्या फडक्यावर पानांचा ढीग, एकावर एक ठेवत शेकडा लावायचा, सडकं-फाटकं बाजूला. सात वर्षं मी पानं मोजली. बोटं पानांवर आणि डोळे भलतीकडे, म्हणून पान मला डोळ्यांपेक्षा अंगठ्याने जास्त ठाऊक होतं. विड्याच्या पानाचे दोन खांदे सारखे नसतात. एक नेहमी थोडा उतरलेला असतो. हे मला कुणी शिकवलं नाही.

मग दुष्काळाची ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी विहीर निम्मी झाली, दुसऱ्या वर्षी तळ दिसला. वेल एका दिवसात मरत नाही. शेंडा वाकतो, मग पान पिवळं, मग देठ आपोआप सुटतो. वडील तीन महिने घागरींनी पाणी घालत राहिले आणि एका सकाळी थांबले. दुसऱ्या दिवसापासून ते सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना माय म्हणायची, "माती तरी बरी, तिले वास असते." पुढच्या साली पाऊस झाला, विहीर भरली, पण वडिलांनी वेल लावला नाही. मळ्याच्या जागी ज्वारी टाकली आणि शेवरीच्या काड्या चुलीत गेल्या. 

तेव्हापासून आमच्या घरात कुणाला एका जागी बसवेना. मळा असताना प्रत्येकाला वेळ ठरलेला होता: पाण्याचा, तोडणीचा, मोजणीचा, टोपल्या बांधण्याचा. आता तो तो वेळ यायचा आणि माणसं उगीच उठून उभी राहायची. वडील पहाटे विहिरीपर्यंत जायचे, आत वाकून पाहायचे आणि परत यायचे. बसल्या बसल्या उजवा अंगठा तर्जनीवर घासत राहायचे. माय झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. माझं तर काही विचारू नका. कोळसा, खडू, गेरू, हाताला येईल त्याने मी रेघोट्या ओढत फिरायचे: कॅलेंडरच्या पाठीवर, जात्याच्या पाळूवर, गोठ्याच्या फळीवर. पान काढायचे, आवडायचं नाही, पुसायचे, उठून दुसरीकडे जायचे.

"हिच्या पायात भवरा बांधला काय कोन जाने," माय म्हणायची. "बस ना वं बेबे एका जागी. तुही फिरफिर पाहून मलेच चक्कर येते."

कमलताईची सोयरीक मळा हिरवा असतानाच झाली होती. मुलगा केनवडकडचा, आमच्यासारखाच पानमळेवाला, आणि त्यांच्या विहिरीचं पाणी दुष्काळातही टिकलेलं. लग्न दोनदा पुढे गेलं. आता तिसऱ्यांदा तारीख धरली तेव्हा घरात एकच धास्ती होती, आणि ती मुलाच्या आत्याची. गोदाआत्या सासरी न नांदता माहेरी परतलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि जीभ अशी की सोयरे दुरून रामराम करत. त्यांचे भाऊ, म्हणजे मुलाचे वडील, खाटेला खिळलेले. घर आणि मळा आत्याच चालवत. उजाड मळ्याची पोरगी म्हणून त्या ताईला जन्मभर टोचतील, असं मायच्या मनाने घेतलं होतं. वडील तसं बोलत नव्हते. पण ज्या माणसाने आयुष्यात चहाला दहा पैसे देताना विचार केला, त्याने भिंतीला एकवीस रुपये कबूल केले, यावरून काय ते समजावं.

आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगते. दाराच्या एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला मोर, कडेला केळीचे खांब, वर नवरानवरीची नावं. गुलाब पेंटर या कामात नावाजलेले होते. "एक डाव माहा हत्ती पायला ना भाऊ, तर वरात जागच्या जागी थांबून जाईन," ते म्हणाले. मामा म्हणाले, "हत्तीचे किती अन् मोराचे किती, अलग सांग. मोर हलका असते." पेंटर हसले, पण भाव उतरवला नाही. गुरुवार-शुक्रवार त्यांनी उजव्या बाजूचा हत्ती केला. निळा, गुबगुबीत, पायात तोडे, आणि डोळा माणसासारखा. शनिवारी ते आले नाहीत. रविवारी मामा अनसिंगला किराणा आणायला गेले ते निरोप घेऊनच आले.

"तुमचा पेंटर रिसोडले गेला. तंबू सिनेमाचे बोर्ड रंगवून राह्यला. म्हने, हत्ती झाला, मोर समजून घ्या."

वडील ओट्यावर बसले होते ते उठले, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले, परत आले. "लगनसराई हाय. आता दुसरा कोन भेटन?"

"मी काढतो," मी म्हणाले. आमच्याकडे बायामुलीही असंच बोलतात.

माय आतून शेवया पसरलेलं सूप घेऊन आली होती. "लग्नाची भिंत पोरीच्या जातीनं रंगवावी, असं कुठं पायलं काय?"

"त्या हत्तीपरीस वाईट तं नाई काढनार ना?" मामा म्हणाले. "त्या हत्तीले पाहून मले तं आमच्या म्हशीची याद येते."

वडिलांनी मला विचारलं, "मोर येते तुले?"

"मोर नाई. मळा काढतो. आपला."

ते पुन्हा ओट्यावर बसले. अंगठा तर्जनीवर फिरत होता. मग त्यांनी कोपरीच्या खिशातून सुटे पैसे काढून मोजले आणि म्हणाले, "नीळ लागन ना? पुड्या घेऊन ये."

नीळ दोन पुड्या, पिवडी पावशेर, बाभळीचा डिंक. पांढरी माती आणि गेरू घरचाच. कुंचले सिंदीच्या काड्या ठेचून केले, तीन. निळीत पिवडी घालून पहिला हिरवा केला तो तंबूच्या कापडासारखा झाला. विहिरीकाठचं अळूचं पान आणून शेजारी धरलं आणि पुन्हा कालवला. अकराव्या वेळी कोवळ्या पानाचा हिरवा जमला. जून पानाचा जमेना, म्हणून त्यात दिव्याची काजळी घातली, तेव्हा तो खोल, काळपट, ओला दिसणारा हिरवा आला. सोमवारी दुपारी मी मळ्याच्या जागी जाऊन बसून पाहिलं. ज्वारीची धसकटं, कुडाचे चार खुंट आणि ऊन. पाच मिनिटं बसले असेन. तिथे पाहून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मग मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि आठवायचं ठरवलं. मळा मी हजारदा पाहिलेला होता, पण आठवला तो एकच, फार जुना. मी अगदी लहान आहे. दोन ओळींच्या मध्ये उकिडवी बसले आहे. पानं वरपासून थेट जमिनीपर्यंत आहेत, मोठी, गडद, एकावर एक. गालाला गार लागतात. देठातून पाणी टपकतं. मळ्यात दुसरं कुणी नाही, नखाचा आवाज नाही. इतकं हिरवं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. हे केव्हाचं, ते आठवत नव्हतं. मला त्याची गरजही वाटली नाही. सोमवार संध्याकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत मी तो मळा काढला. चौदा वेल, दाराच्या डाव्या बाजूच्या पूर्ण भिंतीवर, वळचणीपासून जोत्यापर्यंत. खालची पानं तळहाताएवढी आणि काजळीच्या हिरव्यात. काढताना धीर निघत नव्हता. एक पान पुरं होण्याआधी हात दुसऱ्यावर जायचा. जेवायला बसले की घास टाकून उठायचे. घरात पापड, कुरडया, बुंदी पाडण्याचा आवाज, जात्यावर बाया, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्यामागे क्षणभर थांबायचा. मामांनी चक्क हत्तीकडे पाठ करून खाट टाकली. वडील एकदाच आले. लांब उभं राहून पाहिलं आणि निघून गेले. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणून गेले.

बुधवारी माय पाण्याची घागर घेऊन आली आणि भिंतीपुढे थांबली. घागर तिरकी झाली, पाणी पायावर सांडत राहिलं, तिला कळलं नाही. "कसा झाला वं माय?" मी विचारलं. ती तशीच आत गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मला तिचा राग आला. चार शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला गोदाआत्या मुलाची उष्टी हळद घेऊन आल्या. सोबत चार बायका, एकीच्या हातात लाल कापडाने झाकलेली पितळी वाटी. लग्न गोरज मुहूर्तावर. त्याआधी ही हळद ताईला लागायची, न्हाणं व्हायचं, मगच पुढचं सगळं. माय पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन पुढे झाली आणि आत्या अंगणातच थांबल्या. हत्तीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मळ्याकडे पाहिलं, आणि तेही खालून वर. पानमळेवाला माणूस वेल नेहमी तसाच पाहतो. वाकून त्यांनी जोत्याजवळच्या एका पानाला बोट लावलं.

"मळा कोनाचा हा?"

"आमचाच," वडील म्हणाले. "होता तवाचा."

"तवाचा म्हंजे कवाचा? तळाचं पान पाहा, काळं पडलं. पहिल्या तोडनीचा वखत जाऊन पंधरा दिस झाले याले. एक पान खुडलं नाई कोनी." त्या सरळ उभ्या राहिल्या. "असा मळा कवा राह्यते, हे तुमाले मी सांगावं काय, भाऊ?"

अंगणातली सगळी माणसं खालच्या पानांकडे पाहू लागली, कारण सगळी याच धंद्यातली होती. दर वर्षी शेवरीवरून सोडून खाली उतरवलेला वेल पुन्हा वर चढून भरला की पहिली तोडणी एक दिवसही लांबवत नाहीत. ती राहते एकाच कारणाने. घरात मौत झाली असेल तर. मी मोठ्या हौसेने बहिणीच्या लग्नाच्या दारात सुतकाचा मळा रंगवला होता, आणि बाहेरगावचा कुणीही येऊन त्याला हिरवागार म्हणाला असता. फक्त ज्यांच्यासाठी काढला त्यांनाच तो वाचता येत होता.

"याच्या बाजूनं मी हळद आत नेऊ काय?" आत्या म्हणाल्या आणि ओट्याच्या कडेला बसल्या. वाटी मांडीवर घेतली. बाकीच्या बायका उभ्याच राहिल्या. आत ताई पाटावर बसून होती. बारा वाजेपर्यंत हळद लागली नाही तर पुढचं सगळं चुकणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

वडील भिंतीपुढे आले. "चुना आना रे कोनी. पुसून टाकतो पुरा."

"पुसू नका," आत्या म्हणाल्या. "लग्नाच्या दिशी भरला वेल मुळासकट काढनं हे त्याच्याहून वाईट. तोडा."

"तोडा म्हंजे?"

"तोडनी करा. छातीइतकी. तोडला म्हंजे चालता मळा झाला. मंग मी जातो आत."

"कोन तोडन?" मामांनी विचारलं.

"जिनं लावला, थे तोडन." आत्यांनी माझ्या हिरव्या नखांकडे पाहिलं.

वडील हळूच म्हणाले, "आमच्यात बायका तोडत नाईत, बाई."

"आमच्यातबी नोत्या तोडत. सात वर्षं झाले, मीच तोडतो. भाऊ खाटेवर हाय. पानाले काय ठाऊक, कोन खुडून राह्यलं थे."

चिंधी ओली करून मी एक पान पुसू गेले, तर डिंकामुळे ते पसरून हिरवा डाग झाला. आत्या म्हणाल्या, "फडक्यानं कोनी पान तोडते काय?" मी आत गेले. कोनाड्यात वडिलांचं पत्र्याचं नख दोन वर्षं पडून होतं, गंज चढलेलं. ते अंगठ्यात घातलं तर सैल झालं, सुतळी गुंडाळली. बाहेर येऊन पहिल्या वेलीच्या तळाशी बसले आणि पान देठापासून खरवडलं. रंगाखालची मातीही सुटली. खाली पोपडा पडला, भिंतीत खड्डा झाला.

"देठाची खून राहू दे," आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पान तोडतेत, पेर नाई तोडत."

एका वेलीची नऊ पानं. चौदा वेल. एकशे सव्वीस. ऊन भिंतीवर आलं. खरवडायचं, खड्डा पांढऱ्या मातीने भरायचा, सुकायच्या आत गेरूने पेराची खूण करायची. तिसऱ्या वेलीवर असताना शेजारी कुणीतरी बसलं. माय होती. तिने माझ्या हातातली मातीची वाटी घेतली आणि माझ्यामागून खड्डे भरायला लागली. थोड्या वेळाने भिंतीकडे पाहूनच म्हणाली, "बबन गेला तवाचा हाय हा मळा."

बबन माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. बारा वर्षांत त्याचं नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तू पाच वर्साची होती," ती म्हणाली. "पहिली तोडनी त्याच आठवड्यात होती. तेरा दिस कोनी आत गेलं नाई. चवदाव्या दिशी तू दिसेना. हुडकत हुडकत मी मळ्यात आली, तं तू तळाशी बसेल होती. हसत होती. मी तुले लय मारलं."

"मले थे नाई आठवत."

"मले आठवते," ती म्हणाली आणि पुढचा खड्डा भरला.

म्हणजे तिला बुधवारीच कळलं होतं, आणि वडिलांनाही. दोघांनी ओळखलं आणि पोरीचं मन मोडू नये म्हणून, की मुलाचं नाव तोंडातून निघत नव्हतं म्हणून, दोघंही काही बोलले नाहीत. मी आजही यातलं खरं कारण कुठलं ते ठरवू शकलेले नाही. मी दोन्ही लिहून ठेवते.

खिडकीतून ताईचा आवाज आला. "बेबे, किती झालं वं? पोटात कावळे बोलून राह्यले."

"सात वेल झाले. सात राह्यले."

"मंग मले एक लाडू तरी दे."

"लाडू नाई, तुले उपास हाय," माय म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

दहाव्या वेलीपाशी मागून वडील म्हणाले, "याचं वरचं एक अजून काढ. हा वेल जोरात हाय. नाई तं शेंडा हलका राह्यते." ते कधी येऊन उभे राहिले कळलं नव्हतं. आत्यांनी मान हलवली. त्या दोघांचं एवढंच पटलं त्या दिवशी, पण पटलं. एकशे सत्तावीस झाली.

पावणेबारा वाजता मी मागे सरून पाहिलं. छातीपर्यंत नुसते वेल उभे होते, गेरूच्या खुणा असलेले, आणि त्यांच्यामागे पांढरी भिंत. वर पानांची दाटी तशीच. चार दिवस मी काढलं होतं ते नुसतं हिरवं होतं. आता त्या मोकळ्या वेलींमधून पलीकडे जाता येईल असं वाटत होतं, कुणीतरी आत्ताच टोपली घेऊन पुढच्या ओळीत गेल्यासारखं. अंगठा सुजला होता. चार वर्षांपूर्वी अकोल्याला माझी बारा चित्रं लावली होती, तेव्हा एका बाईंनी विचारलं, की तुमच्या वेलींचा खालचा भाग रिकामा का? मी म्हटलं, तोडणी झालेली आहे. त्यांना ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

हळद लागली, लग्न लागलं, वरात गोदाआत्यांच्या गावी गेली. ताईला आत्यांची बोलणी पुढे खावी लागली, पण मळ्यावरून कधी नाही. ती भिंत पुढच्या पावसाळ्यात ओल धरून उतरली.

शेवटी जे दिलं ते असं. गुलाब पेंटर लग्नानंतर आठव्या दिवशी बाकी मागायला आले. मोर झालेला नसल्यामुळे वडिलांनी हत्तीचे निम्मे म्हणजे साडेदहा धरले आणि इसार वजा करून साडेपाच रुपये त्यांच्या हातावर ठेवले. नीळ, पिवडी आणि डिंक मिळून एक रुपया दहा पैसे वाण्याला. आणि त्या शुक्रवारी, हळदीची वाटी उचलून उंबरा ओलांडण्याआधी, गोदाआत्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून सगळ्यांसमोर दिली ती तोडणीची एका दिवसाची मजुरी, पुरुषाच्या दराने, रुपये तीन, मला.